गाण्याआधीची विचारपूस

"या घरचं कोन कमी आहे जी? आधी थे सांगा."

लग्नघरी आली की तिचं पहिलं वाक्य हे. नवरी कुठं आहे, हळद दळून झाली का, असलं काही नाही. दाराच्या चौकटीवर उजवा तळहात टेकवायचा, घराला ताप आहे की काय ते बघावं तसा, आणि विचारायचं. कोण कमी आहे म्हणजे कोण वारलं, कोण रुसून गेलं, कोणाला यायचं होतं आणि येता आलं नाही. घरच्या बाया मग पदर सावरत सांगू लागायच्या.

तिला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. गाणारी बाई म्हणायचे सगळे. पन्नाशीची, काळीसावळी, कपाळ कोरं. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत आणि गडचिरोली त्यातच मोडे. मूलच्या पुढं रानाच्या तोंडाशी आमचं गाव होतं. आसपासच्या पंचवीस-तीस खेड्यांत लेक सासरी निघाली की गाडीजवळ उभी राहून गाणं म्हणायचं काम हिचं. त्यावर ती जगायची. ज्या घरी लग्न, त्या घरी पाच दिवस राहायची, निघताना सुपातून तांदूळ आणि एक लुगडं घेऊन जायची.

मी जंगलखात्याचा नाकेदार. रस्त्यावर आडवा बांबू, बाजूला माझी खोपी. गाडी आली की थांबवायची, गवताच्या भाऱ्यात लोखंडी सळई खुपसायची, आत सागवान लागतं का बघायचं. अकरा वर्षं हे केल्यावर माणसाचं काय होतं ते सांगायला नको. मी घरीसुद्धा पाहुण्याच्या पिशवीकडे आधी बघत असे, मग तोंडाकडे. तेव्हा या बाईबद्दल मला पहिल्या दिवसापासून संशय आला, यात माझं काही विशेष नाही.

पहिल्यांदा तिला ऐकलं ते एका तेल्याच्या घरी. नवरीचा काका असा दांडगा की बैल उधळला तर शिंगं धरून उभा करील. गाडीला बैल जुंपले, हिनं सूर लावला आणि दुसऱ्या कडव्याला तो काका चाकाला धरून हुंदके देऊ लागला. त्याची आई मागल्या उन्हाळ्यात गेली होती. ती नातीला केस विंचरताना काय म्हणायची, ते नेमकं गाण्यात आलं होतं. सगळा मांडव रडला. मी नाही. मी तिच्या पदराच्या गाठीकडे बघत होतो, त्यात कांदा असेल म्हणून. पुढं एकदा तिनं माझ्यासमोरच गाठ सोडली, तर आत सुपारीचं खांड निघालं.

दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली ती अशी की ती स्वतः रडत नसे. आख्खं गाव नाक पुसतंय आणि हिचे डोळे कोरडे ठणठणीत. मी विचारलं, "बाई, सगळ्यायले रडवता, तुमाले काऊन नाई येत रडू?"

"मी रडलो तं गाईन कोन, नाकेदारभाऊ?"

आमच्याकडे बायाही 'मी रडलो' असंच म्हणतात. उत्तर बरोबर होतं, पण मला पटलं नाही. बरोबर उत्तर तयार असलेली माणसं नाक्यावर मी रोज बघत होतो.

आमच्या गावचे कासार मुसलमान होते. त्यांच्या मुलीच्या वेळीही हिलाच बोलावलं. हिनं तिथंही चौकटीला हात लावून तेच विचारलं. मुलीचा थोरला भाऊ हैदराबादेकडे गेला तो परत आला नव्हता, जिवंत आहे की नाही तेही ठाऊक नव्हतं. त्याचं नाव घरात कोणी काढत नसे. हिनं गाण्यात त्याच्यासाठी एक ताट वाढून ठेवलं, एवढंच. कासाराची बायको मला नंतर म्हणाली, "भाऊ, पाच साल का रोना एक दिन में रो लिया." आता ही बाई चांगली की वाईट, तुम्हीच सांगा. मी तेव्हा म्हणालो, परक्या घरातली इतकी आतली गोष्ट जिला कळते, तिला आणखी काय काय कळत असेल?

हे माझं वाक्य ध्यानात ठेवण्यासारखं नव्हतं. पण मी ते चारचौघांत बोललो होतो.

मग सोमाजीच्या मुलीचं लग्न झालं. सोमाजी म्हणजे धानाची बरी शेती असलेला, मोकळा माणूस, माझ्या नाक्यावर येऊन तासन् तास बसणारा. मालगुजारी नुकतीच गेली होती. कालपर्यंत मालगुजाराला, म्हणजे गावच्या जमीनदाराला, विचारून झाड तोडलं की झालं, आज ते रान सरकारचं. लोकांच्या डोक्यात हे अजून शिरलं नव्हतं. सोमाजीनं मुलीला सागवानी पलंग दिला. पायांवर मोर कोरलेले, माथ्याशी वेलबुट्टी. पलंग पाहायला माणसं रांग लावून येत होती. मीही पाहिला, हात फिरवला, वा वा म्हणालो. नाकेदार म्हणून त्या दिवशी मी मुद्दामच डोळे मिटले होते. सोमाजीचं मीठ खाल्लं होतं मी.

आठवड्याभरात रेंजर आला, थेट सोमाजीच्या गोठ्यात गेला. धानाच्या तणसाच्या ढिगाखाली उरलेल्या दोन फळ्या निघाल्या. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण शिपाई मुलीच्या सासरी गेले आणि नव्या नवरीचा पलंग तिच्या सासू-सासऱ्यांदेखत उचलून बैलगाडीत घालून घेऊन आले. मुलगी तोंड लपवून माहेरी आली, ती तीन महिने परत गेली नाही. गाव पेटलं. ही चुगली केली कोणी?

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले, वळणारच. मी शपथ घेतली, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की मी साहेबाला एक शब्द बोललो नाही. ते खरं होतं. आणि मग मी म्हणालो, "सोमाजी, तुया घरात पाच दिवस कोन होतं? खोदून खोदून कोन इचारत होतं?"

नाव घेतलं नाही हो मी. फक्त विचारलं.

त्यानंतर तिला बोलावणं बंद झालं. कोणी भांडलं नाही, कोणी हाकललं नाही. लग्नाची सुपारी तिच्या झोपडीवरून पुढं जाऊ लागली. एकदा ती बिनबोलावता एका दारात जाऊन उभी राहिली, चौकटीवर हात ठेवला. आतून म्हातारी म्हणाली, "आमच्या घरी सारे आहेत, कोनी कमी नाई." त्या म्हातारीचा मुलगा वाघानं नेला होता.

ती नाक्यावर आली. बांबूच्या पलीकडेच थांबली.

"नाकेदारभाऊ, काऊन जी असं केलं?"

"मी का केलं? मी कोनाचं नाव घेतलं का?"

"नाई घेतलं," ती म्हणाली. "घेतलं असतं तं मी भांडलो असतो."

आणि निघून गेली. मला वाटलं, बघा, चोराच्या उलट्या... जाऊ द्या. मला काय वाटलं ते सांगायची आता लाज वाटते.

दोन महिन्यांनी रेंजरसाहेब तपासणीला आले. माझी खोपी, माझं रजिस्टर सगळं पाहिलं आणि पाठ थोपटली. "शाब्बास नाकेदार! मित्राचं घर असून लिहिलंत. असा माणूस पाहिजे." मी तोंड आ करून उभा. साहेबांनी सोबत आणलेली माझी रोजनिशी उघडली. आम्हा नाकेदारांना रोज काय केलं ते लिहून दर आठवड्याला रेंज ऑफिसात पाठवावं लागे. नाका सोडला तर का सोडला, तेही. तिथं माझ्याच अक्षरात होतं, 'आज सोमाजीच्या कन्येच्या विवाहास हजर. जेवण उत्तम. आंदण म्हणून नवा सागवानी पलंग, पाय कोरीव, काम पाहण्यासारखे.'

अरे देवा! कौतुक केलं होतं हो मी. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, सुंदर अक्षरात कौतुक लिहायची हौस. मित्रासाठी डोळे मिटले आणि हातानं लिहून दिलं.

साहेब गेले. त्याच वेळी उठून सोमाजीकडे जायला हवं होतं. गेलो नाही. भीती वाटली. माझी लेक त्याच विहिरीवर पाणी भरत होती, त्याच बायांच्या आधारानं मी ती वाढवली होती. तिची आई ती चार वर्षांची असताना तापानं गेली. गावानं टाकलं असतं तर मी कुठं जाणार होतो? असं स्वतःला समजावत मी दोन उन्हाळे काढले. बाई तेंदूपत्ता तोडायला जाऊ लागली, मोहफुलं वेचू लागली, रानात गवत कापू लागली. गळ्यावर पोट असलेली बाई, तिला विळा नीट धरता येत नव्हता. ती नाक्यावरून जायची तेव्हा तिच्या बोटांना बांधलेल्या चिंध्या मी बघायचो. आणि तरीही सांगतो, तिच्या डोक्यावरचा भारा मी सळई घालून तपासायचो. नियम होता.

माझ्या लेकीचं ठरलं तेव्हा ती एकच गोष्ट मागून बसली. "बाबा, मले गानारी बाई पायजे."

"गावात कोनी बोलावत नाई तिले."

"मले आई आठवत नाई," ती म्हणाली. "सगळ्या पोरीयच्या वेळी बाईनं त्यायचं गेलेलं मानूस आनलं. माही आई कोन आनन?"

मी दुपारी बाईच्या झोपडीवर गेलो. ती मोहफुलं वाळवत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. रोजनिशी, पलंग, साहेबाची शाबासकी. ती फुलं पालथी करत राहिली.

"कदी समजलं तुमाले?"

"दोन वर्सं झाले."

तिचे हात थांबले. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही, बरं झालं.

"मले सांगून का होते? ज्यायले तवा इचारलं होतं, त्यायलेच सांगा."

मी सांगितलं. हळदीच्या दिवशी, मांडवात, जांभळीचे डहाळे बांधत असलेल्या माणसांसमोर आणि जात्याभोवती बसलेल्या बायांसमोर. सोमाजी ऐकून घेतल्यावर म्हणाला, "लिहून देल्लं? माह्या पलंगाचं कवतिक लिहून देल्लं?" हातातला डहाळा त्यानं खाली ठेवला आणि तो न जेवता निघून गेला. मेला तोवर माझ्याशी बोलला नाही. त्याची बायको मात्र गेली नाही. ती उठली, बाहेर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बाईला हाताला धरून आत घेऊन आली आणि जात्याशी आपल्या शेजारी बसवलं.

बाईनं मला बाजूला बोलावलं. "पोरीसाठी आलो मी, तुमच्यासाठी नाई. आता सांगा, कशी होती तिची माय?"

बारा वर्षं झाली होती. गोरी होती, काम करायची, असलं काहीतरी बोललो. मग एकाएकी मला आठवलं. मी घरी आलो की सवयीनं चुलीवरच्या कालवणाच्या भांड्यावरचं झाकण उचलून बघत असे. त्यावर माझी बायको दोन्ही हात वर करून म्हणायची, "घ्या जी झडती! साग नाई, सालनच आहे." आणि हसायची. इतकी हसायची की झाकण माझ्या हातून पडायचं.

लग्न लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपली. नाक्याचा बांबू मी वर करून बांधला होता. बाईनं चाकावर हात ठेवला आणि सूर लावला.

"उचला झाकन, घ्या जी झडती,
लेक रित्या हातानं बसली गाडीवरती.
हसू ठेवलं चुलीशी, आठव ठेवला दारी,
बापाच्या नाक्यावरून जाते लेक सासरी."

बाया आधी हसल्या. मग हसता हसता त्यांचा आवाज फुटला. माझी लेक गाडीतून वाकून मला म्हणाली, "बाबा, आई अशी बोलत होती?" आणि मी, बायको मेली तेव्हाही ज्यानं धड रडून घेतलं नव्हतं तो, भर रस्त्यात बांबूच्या खांबाला मिठी मारून रडलो. कोण बघतंय याची पर्वा राहिली नाही.

त्यानंतर गावानं तिला पुन्हा मानानं बोलवायला सुरुवात केली. सुपारी आधी तिच्या झोपडीवर जाऊ लागली. तीही जायची. पण पाच दिवस आधी नाही, गाडी जुंपायच्या वेळेला. दारात शिरायची नाही, अंगणातच उभी राहायची. घरच्या बाया स्वतःहून सांगू लागल्या की हात वर करायची, "मले नोको सांगू, बाई. तुमच्या घरचं तुमच्या घरी राहू द्या."

मग जी गाणी कोणालाही येतात तीच ती म्हणायची. चिमणीचं, आंब्याचं, दूरच्या वाटेचं. बाया रीतीपुरता पदर डोळ्याला लावायच्या. गाडी निघून जायची.

मी एकदा धीर करून म्हणालो, "बाई, झालं गेलं इसरा. आता साऱ्यायले समजलं नं."

"वीस वर्सं घरात घेतलं मले," ती म्हणाली, "अन् माह्याबद्दलचं खोटं आयकलं एका दिवसात."

दोन-तीन वर्षांनी ती सिरोंच्याकडे भाचीकडे राहायला गेली, ती तिकडेच वारली असं उडत उडत कळलं. गावात लोक अजून म्हणतात, शेवटी शेवटी बाईचा गळा गेला होता. मी नाक्यावरून प्रत्येक वेळी ऐकत होतो. गळा होता तसाच होता. तिला आमचा भरवसा उरला नव्हता.