खोळ पडली तो दिवस

मनोहर सर गेल्याचा फोन त्यांच्या पत्नीने, शोभाताईंनी केला, तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होते. उरलेली नावं वाचली, मग स्टाफरूममध्ये येऊन बसले. रडू आलं नाही. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण आठ वर्षं मी जिवंत माणसाबद्दलही बोलले नाही, म्हणून आज लिहिते.

बाभुळगावजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत ते चित्रकला शिकवत, मी इतिहास. रविवारी त्यांच्या स्कूटरवरून आम्ही खेडोपाडीचे दगड पाहत फिरायचो. गावाने त्यावर बोलायचं ते बोलून घेतलं. पारावर, विहिरीच्या काठी, शेताच्या धुऱ्यावर पडलेल्या मूर्ती त्यांनीच मला ओळखायला शिकवल्या. "छत्र-चवरी दिसली म्हणजे राजाच, असं समजू नका मॅडम," ते म्हणत. "देवाले सजवाचं त कारागिराजवळ राजाचंच सामान असते. तुमी आधी हात पाहा, मंग कपडा पाहा." आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात बुद्ध आहे, पण दगडातला बुद्ध ओळखायला मला या माणसाने शिकवलं, हे मी नाकारणार नाही.

आमच्याच गावात एक मारोती होता. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढून नुसता गोळा झालेला. चैत्रात एके सकाळी शेंदराचा तो थर आपसूक गळून पडला. मारोतीनं खोळ टाकली म्हणत गाव जमलं. देव उघडा ठेवत नाहीत, त्यामुळे संध्याकाळी नवा शेंदूर लागणारच होता. सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही दोघं पोचलो. मांडी घातलेली मूर्ती, मांडीवर हातावर हात, लांब कान, आणि डाव्या खांद्यावरून उतरलेली चीवराची बारीक रेघ... अशी बसलेली मूर्ती जैन तीर्थंकराचीही असते, पण त्याच्या अंगावर वस्त्र नसतं. मी सरांना रेघ दाखवली, त्यांनी होकारार्थी मान हलवली.  मी मोबाइल काढला तर ते हळूच म्हणाले, "राहू द्या. उघड्या देवाचा फोटो काढला त लोकं बिथरतीन. मी आहो ना साक्षीले." मी मोबाइल पर्समध्ये टाकला. शहाणी ना मी!

पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. पूजा बंद करा असं म्हणालेच नाही. शेंदराखाली बुद्ध आहे, बाजूला तशी पाटी लावा, एवढंच मागितलं. मागून कुणी म्हणालं, "यायले सगळीकडं बुद्धच दिसते." सगळे हसले. सरपंचांनी सरांना विचारलं. ते म्हणाले, "मले तं काही समजलं नाही. दगड लय झिजेल होता. मॅडमचा गैरसमज झाला असन."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. त्यानंतर गावात मी खोटं बोलणारी बाई झाले. सर निवृत्त होईपर्यंत एकाच स्टाफरूममध्ये बसलो, बोललो नाही. तरी मनाची समजूत काढत राहिले. त्या दुपारी त्यांचा चष्मा घरी राहिला होता. नसेल दिसली रेघ, माझं मन राखायला मान हलवली असेल. या एका समजुतीवर मी त्यांना निम्मंअर्धं माफ केलं होतं.

दहाव्या दिवशी भेटायला गेले. शोभाताईंनी त्यांच्या खोलीत नेलं, वह्यांचा ढीग दाखवला. "तुमच्या कामाच्या असतीन त न्या." तिसऱ्या वहीत ती मूर्ती होती. पेन्सिलीने काढलेली, पानभर, त्याच दिवशीची तारीख. हात, कान, आणि ती रेघ, खांद्यापासून कमरेपर्यंत कुठेही न अडखळता ओढलेली. खाली त्यांच्या घोटीव अक्षरात एकच शब्द : बुद्ध.

शोभाताई माझ्याकडे पाहत होत्या. "मी म्हटलं होतं त्यायले, सांगून द्या. तं म्हणे, याच गावात राहाचं आहे आपल्याले."

"अन् मले नव्हतं राहाचं?" मी विचारलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

वही मी आणली नाही. तेरवीला सगळं गाव त्या घरी जेवायला येणार होतं. टेबलावर ते पान उघडं ठेवलं, पंख्याने उलटू नये म्हणून पेन्सिलींचा डबा कडेला ठेवला आणि घरी आले. तेरवीला मी गेले नाही. शोभाताईंनी ते पान मिटलं नाही, एवढं जेवून आलेल्यांकडून कळलं.