चिंच, राख आणि डावीकडचं चाक

माझ्या गाडीची चाकं दर रविवारी न्हायची आणि सासूबाई ओट्यावर बसून माझी खेचायच्या. "चाकाले इतकी आंघोळ? आता टावेल गुंडाळून पावडर बी लाव." पावडर नाही, पण वॅक्स मी लावायचेच, म्हणजे त्यांचं फार चुकत नव्हतं.

आम्ही चिखलीत राहतो आणि माझी शाळा मोताळ्याच्या पुढे आहे. रोज राजूर घाट उतरायचा, रोज चढायचा. उतरताना ब्रेकची बारीक काळी भुकटी अलॉयच्या चाकांवर बसते आणि तशीच राहिली की वरचा चकचकीत थर खराब करते. म्हणून सकाळी, चाकं गार असताना, आधी नुसतं पाणी, मग शॅम्पूचा फेस आणि मऊ ब्रश. चाकांची बादली निराळी. तिच्यातली कचकच बाकीच्या गाडीला लागली तर ओरखडे पडतात. मग कोरडं पुसून वॅक्सचा हात. स्वतःच्या पगाराची पहिली गाडी होती. तिचं मला कौतुक होतं आणि ते मी लपवतही नव्हते.

सासूबाई मात्र त्या गाडीत बसत नव्हत्या. नांदुऱ्याजवळच्या एका गावात त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. तिला भेटायचा ध्यास होता, पण गुडघ्यांमुळे यष्टीच्या पायऱ्या आता चढवत नव्हत्या. गाडी दारात, चालवणारी सून घरात, तरी त्यांचं एकच पालुपद.

"घाट हाय मधात. बाईच्या हाती मी नाही बसत."

"मी रोजच उतरतो ना आई घाट!" मी म्हणायचे.

"तू उतर. तुले कोणं अडवलं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिकडे म्हातारीचं काही खरं नव्हतं आणि इथे आम्ही दोघी हट्टाला पेटलेल्या. ही भेट राहून गेली तर जन्मभराची चुटपुट लागेल, हे त्यांनाही कळत होतं. पण भीती मोठी होती.

एका शनिवारी भाजी घेऊन घरी आले, तर सासूबाई गाडीपाशी स्टुलावर बसलेल्या. हातात नारळाचा काथ्या, शेजारी वाटीत भिजवलेली चिंच आणि मागच्या चुलीतली राख. पितळेचा तांब्या ज्या जोमानं घासतात, त्याच जोमानं त्यांनी डावीकडचं पुढचं चाक घासून काढलं होतं. चिंच-राखेनं पितळ उजळतं. माझं चाक पांढुरकं आणि खरबरीत झालं होतं, जत्रेतल्या स्वस्त जर्मन धातूच्या ताटलीसारखं.

मी पिशवी तिथंच टाकली. "कोणं सांगतलं होतं तुमाले? राखेनं कोणी गाडी घासते काय?" आणखीही बरंच बोलले, गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं. नवरा दारात आला आणि माझा अवतार पाहून आल्या पावली परत गेला.

सासूबाई काथ्या धूत शांतपणे म्हणाल्या, "वाळलं का चमकीन ते."

"मंग बाकीची काऊन सोडली? तेही घासून टाकाची होती!"

"त्या बाजूनं मले थोडीच उतराचं हाय," त्या म्हणाल्या. "बहिणीच्या दारी मी ह्या दारातून उतरीन. बाया पहिले इकडंच पाहतीन. सुनेची गाडी काळीकुट्ट दिसाले नको."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. त्या यायला तयार होत्या. कोणाला न सांगता त्यांनी ठरवलंही होतं आणि माझ्या गाडीला चार बायांत नाव ठेवलं जाऊ नये म्हणून दुखऱ्या गुडघ्यांनी उन्हात बसल्या होत्या. त्या गाडीचं कौतुक मला एकटीलाच आहे, असं मी इतके दिवस समजत होते. मला रडू फुटलं. आत जाऊन आल्याचा चहा टाकला.

पुढे गॅरेजवाला म्हणाला की त्या चाकाला पॉलिश करून नवा थर देता येतो. मी नको म्हटलं. बाकीच्या चाकांना वॅक्स लावते, त्याला जरा जास्तच लावते.

त्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. बुलढाणा मागे पडलं, घाट सुरू झाला आणि सासूबाईंनी खिडकीवरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. डोळे टक्क उघडे. प्रत्येक वळणावर "हळू वो बाई, हळू." समोरून ट्रक आला की श्वास रोखायच्या, गेला की सोडायच्या. मोताळा येईपर्यंत त्यांनी दांडा सोडला नाही.

बहिणीच्या अंगणात बाया जमल्या. सासूबाई डाव्या दारातून सावकाश उतरल्या, सगळ्यांना जयभीम घातला आणि आत बाजेवर बहिणीचा हात हातात घेऊन बसल्या. मग बहिणीनं बारीक आवाजात विचारलं, "घाटात जीव घाबरला नाही काय वो तुहा?"

"कायले घाबरते?" सासूबाई सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "माही सून चालवून राह्यली होती. मले तं घाटात झोप लागली."