भास्करचे बालपण मी खोटे लिहिले

गेल्या गुरुवारी दुपारी, सुरतेतल्या लिंबायतमधल्या माझ्या घरी, माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यासमोर मला मान खाली घालावी लागली. हे इथे लिहावे की नाही, याचा चार दिवस विचार केला… शेवटी त्यालाच विचारले. "लिहा गुरुजी, माझं नाव घालून लिहा," असे तो म्हणाला, म्हणून लिहितो आहे.

भास्कर आणि त्याची पत्नी सुनंदा, दोघेही माझ्या मराठी शाळेत एकाच वर्गात होते. दोघांचेही वडील खानदेशातून येऊन इथे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागलेले. भास्कर अठराव्या वर्षी सैन्यात भरती झाला आणि सोळा वर्षांनी मनाचा आजार घेऊन परतला.

सीमेवरच्या चौकीत त्याचा जोडीदार त्याच्या डोळ्यांदेखत गेला… त्याहून अधिक तो सांगत नाही आणि मी विचारत नाही. इथे पांडेसऱ्यात कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलच्या गेटवर त्याने नोकरी धरली होती. बॉयलरची वाफ सुटली की तो हातातले टाकून जमिनीवर पालथा पडे; कामगार हसत. ती नोकरीही सुटली.

अशा आजारासाठी माजी सैनिकाला अपंगत्वाची पेन्शन मिळू शकते. मात्र आजार सैन्यातल्या सेवेमुळे जडला, हे मान्य व्हावे लागते, आणि मेडिकल बोर्डाने तेच नाकारले होते. भरतीपूर्वी तो कसा होता, हे सांगणारे एक पत्र शिक्षक या नात्याने मी अपिलासाठी द्यावे, एवढीच सुनंदाची विनंती होती.

ते पत्र मी तीन दिवस खपून लिहिले. माझे उभे आयुष्य पोथ्या वाचण्यात आणि निरूपणे करण्यात गेले; चांगल्या माणसाचे वर्णन करायचे म्हटले की माझ्या लेखणीतून साधूचीच लक्षणे उतरतात. भास्कर बालपणापासून अंतर्मुख, एकांतप्रिय, अल्पभाषी होता असे मी लिहिले. तो सवंगड्यांत रमत नसे, भजन ऐकताना त्याचे डोळे अकारण भरून येत… वृत्तीने तो जन्मतःच विरक्त होता.

पत्र पाठवण्यापूर्वी मी ते भजनी मंडळात वाचूनही दाखवले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला फार समाधान वाटले होते.

गुरुवारी सुनंदा अपिलाचा निकाल घेऊन आली. भास्कर तिच्या मागे, दाराशीच उभा. तिने त्या इंग्रजी कागदाचा अर्थ मला समजावून सांगितला… एकटे राहणे, न बोलणे, कारण नसता रडणे ही लक्षणे लहानपणापासून असल्याचे अर्जदाराच्या शिक्षकांनीच नमूद केले आहे. सबब आजाराचा सेवेशी संबंध नाही. अपील फेटाळले होते.

सुनंदा चिडली की घरची अहिराणी बोलते. "गुरुजी, हाऊ कोन पोऱ्या शे? आख्खी गल्ली त्याना नावनी बोंब मारे!" पत्रातला हा पोरगा कोण, असे ती विचारत होती; खऱ्या भास्करच्या नावाने तर सारी गल्ली ओरडायची.

मी म्हटले, मग तू पत्र वाचलेस तेव्हाच का नाही सांगितलेस? ती एकदम खाली बघायला लागली. "खटकलं होतं… पण तुमच्या लिहिण्यात मी चूक काढू?"

मग दारातून भास्कर बोलला. "पत्रातला पोरगा बेस आहे गुरुजी. पण तो फौजेत कशाला जाईल? तुमच्याकडे पोथी धरून बसला असता." तो थट्टा करत होता. तो चिडला असता तर मला इतके लागले नसते.

खरा भास्कर मला लख्ख आठवत होता. प्रार्थनेच्या वेळी मागून शिट्टी मारणारा, पतंगासाठी लूमच्या कारखान्याच्या पत्र्यावर चढणारा, लेझीमच्या पथकात सर्वांत पुढे नाचणारा. त्याला मी किती वेळा वर्गाबाहेर उभे केले असेल! हे सारे ठाऊक असून मी त्यातले एक अक्षर लिहिले नाही. दुःखी माणूस निर्मळ दाखवला की त्याचे दुःख अधिक खरे वाटते, असा माझा समज होता. आणि त्याहून लाजिरवाणे सांगायचे तर, लिहिताना माझ्या मनात भास्कर नव्हताच… माझी वाक्ये होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे वकिलांकडे गेलो. वर दाद मागता येईल, शिक्षकाने शपथेवर खुलासा केला तर उपयोग होईल, पण खात्री देत नाही, असे ते म्हणाले. मी तिथेच मसुदा लिहायला घेतला. 'पूर्वीच्या पत्रात अनवधानाने काही उल्लेख अतिशयोक्त झाले…'

सुनंदा खांद्यावरून वाचत होती. "तीन दिवस लिहीत होतात ना गुरुजी? मग अनवधान कसलं?"

मी ते वाक्य खोडले. 'पूर्वीच्या पत्रात मी भास्करविषयी खोटे लिहिले,' एवढेच लिहिले. ते एक वाक्य लिहिणे मला त्या संपूर्ण पत्राहून अधिक जड गेले. पुढचे सारे मात्र साध्या भाषेत, शिट्टीसकट, सरळ उतरले.

नोटरीकडून बाहेर पडताना भास्कर नेहमीप्रमाणे पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. त्याने एक पाऊल पुढे टाकून नमस्कार केलाच… त्या क्षणी मला आशीर्वाद सुचला नाही.

प्रकरण आता वर जाणार आहे. निकाल त्याच्या बाजूने लागावा, एवढे एकच मागणे सध्या देवापुढे आहे. त्या फायलीत माझे नाव खोटे पत्र देणारा शिक्षक म्हणून कायमचे राहील. राहू दे.