उजवा पुढचा पाय

मी गुरांची डॉक्टर. धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांतच माझ्या बदल्या होत राहिल्या. इतक्या वर्षांत घोड्याला हात लावायची वेळ क्वचितच आली. वरातीच्या घोड्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं असेल, तेवढंच. बाकी म्हशींची गाभणतपासणी, लाळ्या-खुरकुताच्या लसी, कानातले बिल्ले आणि त्या सगळ्याची संगणकावर नोंद. काम इतकं अंगवळणी पडलं होतं की हात चालू असताना मन भलतीकडे भटकायचं. घरी मी उभ्यानंच जेवायला लागले होते. नवरा म्हणायचा, "अगं, दोन मिनिटं बस तरी." बसले की पाय हलायला लागायचे.

तेव्हा माझा दवाखाना जळगावजवळ होता. मार्चमधल्या एका दुपारी नशिराबादहून फोन आला. "डॉक्टरबाई, घोडी लोळतेय. दुसरं कुणी फोन उचलत नाही."

फोन करणारे साठीचे गृहस्थ. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. वीस वर्षं आखातात शर्यतीच्या अरबी घोड्यांच्या तबेल्यात मोतद्दार होते, घोड्यांची सगळी देखभाल करायचे. परत आल्यावर भावांच्या पत्र्याच्या पेट्यांच्या दुकानात बसून बघितलं, पण करमेना, म्हणून एक अरबी घोडी आणली. मी पोचले तेव्हा ती करडी घोडी घामानं निथळत होती आणि चाचा आणि त्यांची मुलगी दोन्ही बाजूंनी धरून तिला चालवत होते. मुलगी विशीतली, एम.एस्सी.ला होती.

पोटात कळ धरली होती. नाकातून नळी घालून तेल सोडायचं होतं, आणि हे मी कॉलेजात एकदाच केलं होतं. नळी श्वासनळीत गेली असती तर खेळ खलास. चाचांना माझे हात दिसत असावेत. ते घोडीच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होते, पण बोलणं माझ्यासाठी होतं. "सावकाश. ती गिळेल. गिळताना पुढे सरकवा." संध्याकाळी घोडीनं लीद टाकली आणि आम्ही तिघंही त्या लिदीकडे बघत हसत सुटलो.

त्यानंतर रविवारी मला घरी थांबवेना. चौकशीच्या निमित्तानं जायचे आणि दुपारपर्यंत तिथेच असायचे. मुलगी लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी करत होती. ही मुंबई-पुण्याची दोन-तीन मिनिटांत संपणारी शर्यत नव्हे. चाळीस किलोमीटर, वीस-वीसच्या दोन फेऱ्या, कच्च्या रस्त्यानं. प्रत्येक फेरीनंतर डॉक्टर तपासणार. वीस मिनिटांत घोड्याचे ठोके चौसष्टच्या खाली आले पाहिजेत, आणि दुडक्या चालीनं सरळ पळून दाखवलं पाहिजे. नाही जमलं तर बाद.

"अरबी घोडा आपणहून थांबत नाही, बाई," चाचा मला म्हणाले. "मरेल, पण थांबणार नाही. म्हणून थांबवणारं कुणीतरी लागतं."

जूनमध्ये माझी बदली धुळ्याला झाली. तरी महिन्यातून दोन रविवार एसटीनं नशिराबाद गाठायचेच. नवऱ्यानं विचारणं सोडून दिलं.

जानेवारीत सोनगीरजवळ शर्यत ठरली. आयोजकांना डॉक्टर मिळेना, त्यांनी मला विचारलं. मी स्पष्ट सांगितलं, "यातली एक घोडी माझ्या उपचाराखाली असते."

"मॅडम, या भागात घोडं बघणारं दुसरं आहे कोण?"

चाचांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्हीच बघा. आमचं काही म्हणणं नाही."

नऊ घोडे सुटले. पहिल्या फेरीनंतर आमची घोडी सगळ्यांच्या पुढे, जवळपास दहा मिनिटांच्या फरकानं आली. मी स्टेथोस्कोप लावला. अठ्ठावन्न. हिरड्या गुलाबी, पोटाचा आवाज चांगला. मुलीचा चेहरा धुळीनं माखलेला आणि त्यात नुसते डोळे चमकत होते.

"पळवून दाखव," मी म्हणाले.

ती घोडीला घेऊन वीस पावलं गेली आणि वळून आली. येताना घोडीची मान एकदा वर झटकली गेली. उजवा पुढचा पाय टेकताना. पाय दुखत असला की तो टेकताना घोडा अशी मान वर घेतो.

"पुन्हा."

दुसऱ्या वेळी काहीच नाही. "अजून एकदा," मी म्हणाले. तिसऱ्या वेळी पुन्हा तीच झटक, अगदी बारीक.

"घोडी थांबवा," मी म्हणाले.

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. "ठोके अठ्ठावन्न आहेत!"

"उजवा पुढचा पाय."

चाचा खाली बसले, खुरापासून गुडघ्यापर्यंत दोन्ही हातांनी पाय चाचपला. "गरम नाही," ते म्हणाले. मग उठून खोगीर काढायला लागले. मुलीनं शिरस्त्राण काढून शेताच्या बांधावर ठेवलं आणि हायवेकडे चालत गेली. बाजूला उभे असलेले एक शेतकरी मला म्हणाले, "घोडी ते चांगली शे ना, ताई?" मी पुढच्या घोड्याकडे वळले. अजून आठ घोडे तपासायचे होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून नशिराबादला गेले. कडक जमिनीवर पळवली, गोल फिरवली. घोडी ठणठणीत. एक्स-रेतही काही नाही. मुलगी घरातून बाहेर आली नाही.

त्या तपासणीचा कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता, तो मी मागवून घेतला. दवाखान्यात, एसटीत, भाजी निवडताना बघत राहिले. पाचव्या-सहाव्यांदा बघताना कोपऱ्यात एक शेळी दिसली. घोडी तिला बिचकून मान झटकत होती का? पण शेळी पहिल्याच वेळी होती. तिसऱ्या वेळी नव्हती. की चौकटीबाहेर होती? महिनाभर मला दुसरं काही सुचलं नाही.

मग एक दिवस चाचा स्वतः एसटीनं धुळ्याला आले. एका म्हशीला सलाइन लावलं होतं, ते संपेपर्यंत बाकावर बसून राहिले.

"तुम्ही चुकलात असं मला वाटतं," ते म्हणाले.

"मलाही कधी कधी तसंच वाटतं."

"पण शंका असूनही माझ्या तोंडाकडे बघून तिला सोडली असती, तर मी तुम्हाला पुन्हा घोडीला हात लावू दिला नसता." मग म्हणाले, "मुलगी अजून रागात आहे. ते तुम्ही दोघी बघा."

तिचा राग जायला पावसाळा उलटला. एक दिवस तिनं मला घोडीच्या नालेचा फोटो पाठवला आणि खाली विचारलं, ही बरोबर बसली आहे का. तेवढंच. मी लगेच फोन केला.

पुढच्या हिवाळ्यातल्या शर्यतीला डॉक्टर नाशिकहून आले होते. मी बादली आणि स्पंज घेऊन दोरीमागे उभी. दुसरी फेरी संपवून मुलगी उतरली आणि तिच्या पोटऱ्यांत गोळे आले. तिला धड उभं राहता येईना. तिनं लगाम माझ्या हातात दिला.

"तुम्ही पळवा."

मी चव्वेचाळीस वर्षांची, अंगात पंजाबी ड्रेस, आणि शेजारी तीनशे-साडेतीनशे किलोची घोडी. बादली खाली ठेवून पळाले. तिची चाल मला दिसत नव्हती. तिचा श्वास आणि माझा श्वास तेवढा ऐकू येत होता. वळून परत आले.

"पुन्हा," नाशिकचे डॉक्टर म्हणाले.

मी पुन्हा पळाले. परत येताना समोर मुलगी दोरीला धरून उभी होती, ओठ घट्ट मिटून, आणि डॉक्टर वाकून पायांकडे बघत होते. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "ठीक आहे, पास. जाऊ द्या."

घोडी पाचवी आली. चाचांनी तिच्या पाठीवर ओली चादर टाकली. मी एका हातात लगाम धरून दुसऱ्या हातानं बादली उचलली. मुलगी दोरीखालून वाकून आली आणि लगाम मागायच्या आधी तिनं माझ्या हातातली बादली घेतली.