पूजेची साखळी

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी सोलापुरात एका कापड गिरणीत फिटर होतो. माझा जोडीदार वळसंगचा. वजन उचलण्याआधी तो साखळी रॉकेलच्या चिंधीनं पुसायचा आणि एकेका कडीवरून नख फिरवायचा. तडा असला की नख अडकतं. "डोळं फसत्यात, नख फसत न्हाय," म्हणायचा.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असायची. त्या वर्षी मालक येणार म्हणून साखळ्यांना, त्या अडकवायच्या शॅकलच्या कड्यांना चंदेरी रंग फासला आणि वर हळदकुंकू वाहिलं. लोखंडाला कसला आलाय नट्टापट्टा! अजून आठवलं की डोकं फिरतं.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि यंत्राचा जड रूळ उचलायचं काम निघालं. जोडीदारानं चिंधी हातात घेतली, पण पूजेचं कुंकू रॉकेलनं पुसायला त्याचा हात धजेना. नुसतंच नख फिरवलं. ते कुठंच अडकलं नाही.

रूळ वर गेला, कडी तुटली आणि रूळ जोडीदाराच्या अंगावर आला. तुटलेल्या कडीत गंजलेला जुना तडा होता. रंगानं तो बुजवला होता.

संध्याकाळी वळसंगला त्याच्या बायकोचं कुंकू पुसलं. साखळीवरचं तसंच होतं.