दादानं डिफरन्शियल मोकळं ठेवलं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी संस्थेत होते. सकाळचं दूध यायची वेळ, हातात लॅक्टोमीटर. "तुझा दादा गेला गं," ती म्हणाली, आणि मी विचारलं, "कुणी सांगितलं?" ती अंबाजोगाईला दवाखान्यात त्याच्या खाटेशेजारी उभी होती. तिला कोण सांगणार... पण माझी जीभच तशी. वडवणीजवळच्या आमच्या गावातल्या दूध संस्थेत दूध तपासायचं काम मी कितीतरी वर्षं करते आहे. कुणी "ताई, दूध निव्वळ हाय" म्हणालं की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते आणि मग लॅक्टोमीटर बुडवते. सख्ख्या भावाच्या कॅनमध्येही बुडवायचे. दादा चिडायचा नाही. "बघ बाई, बघ. म्हशीचाबी जबाब घे," म्हणायचा. त्याला जाऊन आता महिना उलटला, आणि त्याच्याबद्दलचा एक संशय मी अजून चिवडत बसले आहे.

दादा साखर कारखान्याच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. मागच्या मोठ्या दुष्काळात ऊसच नव्हता, कारखाना बंद, दादा घरी. नदीत नुसती वाळू. पाण्याचा टँकर संस्थेच्या ओट्यापर्यंत यायचा. पुढे गेला की रुतायचा. पलीकडच्या वस्तीवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन वाळू तुडवायच्या, आणि त्यांचं दूधही तसंच डोक्यावरून यायचं. उन्हानं वाटेतच नासायचं. दूध नासलं की जनावरं विकायची, आणि जनावरं विकली की वस्तीच उठायची, इतकी सरळ गोष्ट होती. दादानं मग गाडी बांधायला घेतली. पाइपांचा सांगाडा, दारं नाहीत, छप्पर नाही, आणि भंगारात निघालेल्या जीपची इंजिनापासून मागच्या धुऱ्यापर्यंतची सगळी आतडी. जाताना पाणी न्यायचं, येताना दूध आणायचं. पोरं तिला बग्गी म्हणायला लागली. संस्थेची निवडणूक जवळ आली होती, आणि निवडणूक आली की आमच्याकडे कुणी विहिरीवर दोर बांधला तरी लोक "कावून?" विचारतात. चेअरमन अण्णांना वाटलं, हा वस्तीचं दूध खासगी डेअरीला पळवणार. मला वाटलं, हा अण्णांच्या विरोधात उभा राहणार. दादा दोघांनाही हसला, त्यामुळे आम्हा दोघांचीही खात्री पटली.

खरा वाद पेटला तो डिफरन्शियलवरून. मागच्या दोन चाकांच्या मधोमध तो लोखंडी गोळा असतो. वळताना बाहेरचं चाक जास्त आणि आतलं कमी फिरतं, ते त्याच्यामुळे. पण वाळूत एक चाक मोकळं गरगरू लागलं की सगळी ताकद तिकडेच जाते, दुसरं चाक गप्प बसतं आणि गाडी पोटापर्यंत रुतते. उपाय सगळ्यांना पाठ होता. आतले दाते वेल्डिंगनं जाम करून टाकायचे, म्हणजे दोन्ही चाकं एकदमच फिरतात. अण्णा वेल्डिंगच्या बाजूचे, गाव वेल्डिंगच्या बाजूचं, आणि सलीमभाई तर वेल्डरच. दादाही सुरुवातीला तेच म्हणायचा. भंगारात असे गोळ्यासकट मागचे धुरे दोन मिळाले होते, म्हणून एक जाम करून नदीत चाचणी घ्यायची ठरली.

अख्खं गाव काठावर. भरलेली पिंपं लादून दादा वाळूतून असा सरळ निघून गेला की बायांनी टाळ्या वाजवल्या. येतानाही तसाच. काठ चढला, आणि ओट्यापाशी उजवीकडे वळायचं तिथे गाडी वळलीच नाही. जाम धुऱ्याची गाडी वळायला नको म्हणते, सुकाणू जोर लावून ओढावं लागतं, हे सलीमभाईनं आधीच बजावलं होतं. दादानं ओढलं, आणि गाडी थेट ओट्यावर. दुधाचे दोन कॅन आडवे झाले. "अरे, ओढायचं न्हाई का बे?" सलीमभाई ओरडला. दादा खाली उतरला, हात झटकले आणि म्हणाला, "वेल्डिंग न्हाई चालायचं."

सारं नाटक आहे, हे मी तिथेच ओळखलं. आखाड्यात उतरलेला माणूस, ट्रकची चाकं एकटा उचलणारा, त्याला सुकाणू ओढेना? अण्णांचा सल्ला चारचौघांत पाडायचा म्हणून यानं मुद्दाम गाडी घातली. पुढे तर संशय वाढतच गेला. अण्णांना तो म्हणाला, जाम धुरा कडक रस्त्यावर तुटतो. सलीमभाईला म्हणाला, टायर झिजतात. मला म्हणाला, "सुमे, तू दूध बघ." तीन माणसं, तीन कारणं... आणि कारणं तिन्ही खरीच. खोटं दूध मला पकडता येतं. खऱ्या दुधात काय लपवलंय हे कसं पकडायचं?

त्यानं दुसरा धुरा मोकळाच बसवला आणि ट्रॅक्टरसारखे मागच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक दिले. जे चाक गरगरेल त्याचाच ब्रेक हलका दाबायचा, की ताकद दुसऱ्या चाकाकडे जाते आणि गाडी निघते. वेल्डिंगइतकं झोकात नाही चालत ते, पाय सतत जागा ठेवावा लागतो. पण गाडी चालली. वस्ती उठली नाही. निवडणुकीला दादा उभाच राहिला नाही, तेव्हा मला वाटलं, मांडवली झाली असणार. मग मला म्हणाला, "चालवायला शीक." "मी कावून?" "संस्थेची गाडी हाय, संस्थेचं माणूस शिकाय पायजे." फुकटचा ड्रायव्हर हवाय, असं म्हणत मी शिकले.

दवाखान्यात नेलं तेव्हा मला नुसता दमा म्हणून सांगितलं होतं. दहाव्याच्या दिवशी वहिनी बोलली. नसांचं दुखणं होतं. उजव्या हातातली ताकद जात चालली होती, गाडी बांधायला घेतली त्याच्याही आधीपासून. शेवटी ते छातीपर्यंत गेलं आणि श्वास घेण्याचंही बळ उरलं नाही. "वेल्डिंगची गाडी वळंना म्हनून त्या रातीला लई रडले," वहिनी म्हणाली. "ही मोकळी गाडी एका हातानं वळायची. उजवा मांडीवर टाकून द्यायचे. तुमाला समद्यांला वाटायचं, ऐटीत चाललेत." मला तर वाटायचंच. त्यानं मला सांगितलं नाही, याचा राग येतो, फार येतो, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नाही.

परवा अण्णा आले. म्हणाले, "सुमनताई, आता तरी वेल्डिंग करून घेऊ. जवान पोरं चालवतील, झपाझप काम हुईल." मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. हेतू चांगलाच होता, बहुतेक. "न्हाई," मी म्हणाले, आणि चावी कनवटीला लावली.

काल पिंपं भरून मीच निघाले. वाळूत डावं चाक सुटलं, ब्रेक दाबला, निघाली. वस्तीवरून दूध घेऊन परत काठ चढले. ओट्यापाशी आले आणि उजवा हात मांडीवर ठेवला. बघायचंच होतं. सुकाणू डाव्या हातानं फिरवलं... गाडी वळली, अगदी अलगद. कॅन उतरवायला बाया पुढे आल्या. मी चावी डाव्याच हातानं काढली, उजवा मांडीवरून उचलवेना.