पानं खुडणारा माणूस

परवा गंगापूर रोडवरच्या एका नर्सरीत कढीपत्त्याचं रोप आणायला गेलो, तेव्हा शेडनेटच्या आतून भिजलेल्या काथ्याच्या भुशाचा वास आला. कोंदट, गोडसर, पावसात राहिलेल्या गोणपाटासारखा. वास वाईट नाही. कित्येकांना तो आवडतही असेल. मला मात्र तो आला की दिंडोरीकडचे माझे साडू आठवतात, आणि मनात जे उमटतं त्याला राग म्हणणं हा रागाचा अपमान होईल. रागात निदान समोरच्या माणसाची थोडी दखल असते.

त्यांच्या घरामागे ताईंचं सावलीच्या जाळीचं शेडनेट होतं. ताई म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण. त्या तिथे गुलाबाची कलमं करत आणि आसपासच्या गावांतून लोक ती घ्यायला येत. मग साडूंच्या डोक्यात येर्बा माते शिरलं. दक्षिण अमेरिकेतलं हे झाड. तिकडचे लोक त्याची पानं वाळवून गरम पाण्यात टाकतात आणि चहासारखी पितात. मी एकदा चव घेतली आहे. वाळलेल्या गवतावर कडुनिंब पिळल्यासारखी. ओळखीच्या एका निर्यातदाराने रोपं करायला कुंडीतली चार मातृझाडं आणून दिली आणि ताईंचे गुलाब जाळीबाहेर उन्हात आले. साडूंनी विचारलं नाही, सांगितलंसुद्धा नाही. ताई एवढंच म्हणाल्या, "गुलाब गेले ते गेले. आता हे तरी जगवा." आणि त्या दिवसापासून त्या परक्या झाडांना पाणी घालणं, पानांवरची धूळ पुसणं, हे सगळं त्यांच्याच अंगावर आलं.

या झाडाची रोपं करायची रीत साधी आहे. मातृझाडाचे बोटाएवढे कोवळे शेंडे कापायचे, त्यावर एखाददुसरं पान अर्धं कापून ठेवायचं आणि ट्रेमधल्या भुशात खोचून वर पाण्याचं धुकं धरायचं. मूळ फुटेपर्यंत त्या शेंड्याला पोसतं ते पानच. निर्यातदाराने हे साडूंना फोनवर दोनदा सांगितलं, मी शेजारीच बसलो होतो. पण साडूंचा जन्म द्राक्षात गेलेला. द्राक्षाची काडी जून, पेन्सिलीएवढी जाड, पुढच्या वाढीचा शिधा पोटात घेऊन आलेली. ती बिनपानांचीच लावतात. छाटणीआधी बागेची पानं उतरवायची, हीही आमच्याकडची नेमाची गोष्ट. तेव्हा पान दिसलं की खुडायचं, हे त्यांच्या बोटांत बसलेलं. त्यांनी ट्रेमागून ट्रे बोडके केले. शेंडे काळे पडले. मग पुन्हा मातृझाडांवर कात्री.

"पान म्हंजे आयतं बसलेला पाहुणा," ते मला म्हणाले. "काडीचं खातो अन् वर मिरवतो. मला नका शिकवू साडूभाऊ, तुमचं काम हापिसातलं."

"मग एकच ट्रे पानांसकट लावा," मी म्हणालो. "बाकीचे तुमच्या पद्धतीने. पाणी सारखं, सावली सारखी. दोन्ही शेजारी ठेवून बघू."

एव्हाना चारातलं एकच मातृझाड उरलं होतं, तेही अर्धं कापलेलं. ताई मध्येच म्हणाल्या, "भाऊजी म्हणतात ते करा. हे झाड गेलं की आपल्याकडे कापायला काही उरणार नाही." चारचौघांसमोर नाही म्हणता येईना म्हणून साडूंनी होकार दिला. तो ट्रे ताईंनी स्वतः भरला. पुढच्या खेपेला गेलो तर त्यातले बहुतेक शेंडे हिरवे होते, शेजारचे कोळशासारखे. ताईंनी एक शेंडा हलकेच ओढून पाहिला. मुळं फुटली होती, त्याने भुसा धरून ठेवला होता.

मग ताई मालेगावला एका लग्नाला गेल्या. परत येऊन बघतात तर त्यांच्या ट्रेवर एक पान शिल्लक नाही. साडू म्हणाले, "लय अस्ताव्यस्त दिसत व्हतं, साफ केलं." चूक प्रत्येकाची होते, तिची मला किळस नाही. पण आपण चुकलो असं दाखवणारी गोष्ट डोळ्यांसमोर हिरवी दिसत असताना ती हाताने खुडून टाकायची आणि त्याला साफसफाई म्हणायचं, यासाठी जो लहानपणा लागतो तो या गृहस्थाकडे भरपूर होता. ते शेंडेही काळे पडले. नव्या काड्यांसाठी त्यांनी शेवटचं झाडही कापलं. उन्हाळ्यात तेही वाळलं.

आता ते लग्नकार्यांत पाटावर बसून सांगतात, "येर्बा माते आपल्या हवेत येतच नाय. आमी करून बघितलंय." लोक मान डोलवतात. मागच्या वेळी ताई तिथेच वाढत होत्या. पानावर भात घालता घालता म्हणाल्या, "हवेला तोंड नाही ते बरंय." साडूंनी वरण मागितलं.

ते झाड इथे जगलं असतं की नाही, मला माहीत नाही. मुळं धरलेल्या एका ट्रेवरून निकाल द्यायचा माझा स्वभाव नाही. आमच्या उन्हाळ्यात ती रोपं कदाचित मेलीही असती. पण आता त्या बाजूला कुणी लावून बघणार नाही, कारण करून बघितलंय. झाडं वाळतात, शेडनेट फाटतं, माणसंही म्हातारी होतात. खोटं कारण तेवढं टवटवीत राहतं. त्याला पाणी लागत नाही, आणि त्याची पानं कुणी खुडत नाही.